गुणवंताचा भोंगा

विजय नगरातल्या बायका गुणवंत ढोलेला चेहऱ्याने कमी आणि आवाजाने जास्त ओळखत. बावीस वर्षं तो शहराबाहेरच्या पनागर गावाहून मोटारसायकलवर भाजी घेऊन यायचा. मागे दोन्ही बाजूंना टोपल्या, टोपल्यांवर ओलं पोतं, आणि सकाळी साडेआठला गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून एक हाक. "एऽऽ भाजीवालाऽऽ! पनागर की ताजी भाजी! पालक, मेथी, धनियाऽऽ!" तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने गॅस बंद करून पिशवी शोधायला लागावं, इतकी ती हाक खणखणीत होती. हाक एकदाच द्यायचा. दुसऱ्यांदा द्यावी लागणं त्याला कमीपणाचं वाटे.

रेकॉर्ड केलेला आवाज डब्यातून वाजवत फिरणाऱ्या फेरीवाल्यांचा त्याला भारी तिटकारा. "यांच्या गळ्यात काय किडे पडले का?" असं तो म्हणायचा, आणि तेही तंबाखूचा बार भरलेल्या तोंडाने. पुढे काय वाढून ठेवलंय हे माणसाला कळत नाही म्हणून बरं. नाहीतर बोलण्याची सोयच उरली नसती.

आवाजाचा असा धनी माणूस घरी मात्र मुका होता. दुपारी एकला पनागरला परतला की हातपाय धुवायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याची बायको इंदू वरुडजवळच्या खेड्यातली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या आजूबाजूला सगळी हिंदी. हापशावर हिंदी, किराण्यात हिंदी, शेजारीण हिंदी. पोटची पोर अवंतिका, तीही आईचं मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. अख्ख्या गल्लीत ढोल्यांचं एकच मराठी घर, आणि त्या घरात इंदूशी तिच्या बोलीत बोलू शकेल असं एकच माणूस. ते माणूस आपला घसा उद्याच्या हाकेसाठी जपून ठेवायचं.

"काही तं बोला," इंदू म्हणायची.

"आता नको," गुणवंत गळ्याला हात लावायचा, "घसा दुखून राहिला."

सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. विजय नगरात मात्र विनता नावाच्या बँकेतल्या बाई होत्या, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बदलून आलेल्या. त्यांना मेथीच्या जुडीबरोबर चार मराठी वाक्यं फुकट मिळत. यंदा थंडी कमी आहे, पोह्यावर टाकायला सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन जा, असलं काहीबाही. गिऱ्हाइकाशी बोलताना त्याचा घसा कधी दुखला नाही. गुणवंत वाईट माणूस नव्हता, पण घरचं माणूस कुठे जातंय, या भरवशावर सगळं बाहेरच खर्ची घालणाऱ्यांपैकी तो होता.

मागच्या वर्षी त्याचा आवाज बसला. आधी थंडीने, मग धुळीने, मग मसाल्याने बसला असं तो सांगत राहिला. शेवटी इंदूने हट्ट धरून त्याला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं की घशात गाठ आहे, चांगली नाही, आणि जीव वाचवायचा तर आवाजाची पेटीच काढावी लागेल. डॉक्टर मराठी होते, समजावून बोलत होते. "ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही. घरच्यांसाठी काही बोलून ठेवायचं असेल, तर आधीच रेकॉर्ड करून ठेवा."

यातलं 'घरच्यांसाठी' गुणवंताच्या कानावरून गेलं. रेकॉर्ड करून ठेवा, एवढं आत शिरलं. परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसून ओठ हलवत होता. इंदूला वाटलं देवाचं नाव घेऊन राहिले. तो हाक जुळवत होता. मटर घालावी का? नको, मटर दोन-तीन महिन्यांची, उन्हाळ्यात लोक मटर मागतील आणि टोपलीत नसेल. मुळा नको, फुलकोबी नको. बारा महिने चालेल अशी हाक पाहिजे. दोन दिवस त्याने त्या हाकेवर डोकं लढवलं आणि शेवटी जुनीच बरी, असं ठरवलं. त्या दोन दिवसांत बायकोसाठी एखादं वाक्य ठेवावं हे त्याच्या मनात एकदाही आलं नाही. इंदूच्या मनात आलं होतं, पण ती मागणार कशी? मागितलं असतं तर आवाज खरंच जातोय हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी अंगणातल्या जामाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखाली रेकॉर्डिंग झालं. इंदूचा बटणाचा साधा फोन, त्यात छोटं मेमरी कार्ड. तिने तो त्याच्या तोंडासमोर धरला. आवाज तेव्हाच फाटला होता, पण फाटकाही त्याचाच होता. दोनदा खोकल्याने घात केला, तिसऱ्यांदा हाक जमली. "एऽऽ भाजीवालाऽऽ!" समोरच्या घरातली म्हातारी सवयीने दारात आली. इंदू दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती आणि बंद करायचं बटण विसरली होती. तिला उद्देशून तो काहीतरी बोलला, तेव्हा कुठे तिने बटण दाबलं. काय बोललो ते गुणवंत संध्याकाळपर्यंत विसरूनही गेला.

नागपूरहून तो परतला तेव्हा गळ्याला भोक होतं आणि त्यावर पांढरा रुमाल. श्वास तिथून जायचा, खोकला तिथून यायचा, शब्द कुठूनच येत नव्हता. अवंतिका लग्न होऊन शिवनीला गेलेली, तिची शाळेतली पाटी माळ्यावर होती ती इंदूने काढून दिली. गुणवंत हिंदी शाळेत शिकलेला, लिहायचा ते हिंदीतच. 'पानी.' 'दवा.' 'दरवाजा बंद.' मराठी ही त्या घरात बोलायची भाषा, ती लिहायची वेळ कोणावर आली नव्हती. इंदू बोट ठेवून एकेक अक्षर वाचायची आणि पाणी आणून द्यायची. ती स्वतः बोलायची सुरुवातीला पुष्कळ, मग कमी कमी होत गेलं. एकट्याने किती बोलणार?

चार महिने तो घरात पडून होता. दुपारी डोळा उघडला की त्याला खिडकीतून इंदू दिसायची, जामाखाली बसलेली, फोन कानाला लावून. अवंतिकेशी बोलत असेल, नाहीतर भजन ऐकत असेल, असं वाटून तो कूस बदलायचा. ती तोंडाने काही बोलत नसे, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

चैत्रात तो पुन्हा धंद्याला निघाला. पहिल्या दिवशी पितळेची घंटा नेली. गल्लीतली पोरं वाट्या घेऊन धावत आली, कुल्फीवाला समजून. पालकाच्या जुड्या बघून त्यांची तोंडं उतरली, आणि त्याचंही. मग बाजारातून तयार आवाज भरलेला हातातला स्पीकर घेतला. त्यात कुठलीशी बाई ओरडायची, "आलू ले लो, प्याज ले लो!" गुणवंताकडे आलूही नव्हते आणि प्याजही नव्हती. गॅलऱ्यांतून माणसं विचारायची, "भैया, आलू कैसे दिए?" आणि हा खाली उभा राहून मान हलवायचा. दुपारपर्यंत मेथी सुकायची.

"काका, तुम्ही आलात हे कळलंच नाही हो," विनताबाई एकदा जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या. "तो डबा वाजला, मला वाटलं दुसराच कोणी. तुमची हाक ऐकल्याशिवाय मी खालीच येत नाही ना."

त्याच संध्याकाळी गुणवंताने ठरवलं. गाडीला पक्का भोंगा बसवायचा, आणि त्यात आपली हाक.

सकाळी त्याने इंदूच्या फोनमधलं कार्ड काढलं. ती पालकाच्या जुड्या बांधत होती. "काहाले पाहिजे ते?" तिने विचारलं. त्याने गाडीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडे. तिला कळलं. "जपून न्या," ती म्हणाली. तो फाटकाशी पोचला तर पुन्हा म्हणाली, "जपून आणजा बरं." एवढ्याशा कार्डाचं हिला काय पडलंय, असं त्याला वाटलं.

राइट टाउनच्या रस्त्याला विश्वकर्माचं दुकान आहे, गाड्यांची वायरिंग आणि साउंड. दुकानदार बोलघेवडा, मनाचा मोकळा. त्याने आधी गुणवंतापुढे चकचकीत सेट मांडला, हँडलला बसणारे दोन गोल स्पीकर, भोवती निळे दिवे, फोनशी जोडता येणारा, रेडिओवाला. गाणं लावून दाखवलं. काउंटरवरचे स्क्रू नाचायला लागले. गुणवंताने पाटीवर लिहिलं, 'गाना नहीं. आवाज़ चाहिए.'

विश्वकर्माने ते वाचून गाणं बंद केलं. मग त्याने खालच्या कप्प्यातून करड्या रंगाचा छोटा भोंगा काढला. "तो फिर ये लो भैया. इसमें बास नहीं है, गाना रोएगा, मगर आदमी की आवाज़ चार गली पार जाएगी." गुणवंताने तो हातात घेऊन तोलला, तोंडाशी धरून बघितला. पंचवीस वॅटचा अॅम्प्लिफायर पुरे, असं विश्वकर्माचं मत. याहून मोठा लावला तर गाडी उभी असताना बॅटरी बसेल, आणि भाजीवाल्याची गाडी निम्मा वेळ उभीच. गुणवंताने मान डोलावली. जन्मभर घशाची बॅटरी सांभाळलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही.

बसवायला तीन तास लागले. बॅटरीपासून वेगळी वायर, मध्ये फ्यूज, हँडलपाशी बटण. अॅम्प्लिफायर सीटखाली, आणि ओल्या पोत्याचं पाणी उतरेल म्हणून त्याला जुन्या ट्यूबच्या रबराची खोळ. विश्वकर्मा भोंगा पुढे तोंड करून लावायला लागला तर गुणवंताने हात धरला. मागे, जरा वर, अशी खूण केली. हाक गल्लीच्या तोंडाशी द्यायची आणि गाडी पुढे न्यायची, म्हणजे बायका जिना उतरेपर्यंत आवाज त्यांच्याकडे वळलेला राहतो, हे बावीस वर्षांचं ज्ञान पाटीवर कुठे लिहिणार? पण विश्वकर्माने ऐकलं. गाडी सुरू केल्यावर भोंग्यातून किरकिर यायला लागली, तर त्याने अर्थिंगची वायर सोडवून दुसरीकडे आवळली. किरकिर गेली. मग कार्ड घातलं.

"एऽऽ भाजीवालाऽऽ!"

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. पाच महिन्यांनी तो स्वतःला ऐकत होता. डोळ्यांतलं पाणी लपवायला तो टोपल्यांच्या दोऱ्या तपासत खाली वाकला. आणि हाक संपल्यावर भोंगा थांबलाच नाही. तितक्याच मोठ्याने, भर राइट टाउनात, म्हणाला, "झालं काय वं इंदू? बंद कर आता. काहून रडून..."

गुणवंताने झडप घालून बटण बंद केलं. पानठेल्यावरची दोन माणसं हसत होती. इंदू कोण, असं एकाने विचारलंदेखील. गुणवंताचे कान लाल झाले. घरातलं रडणं, बायकोचं नाव, असं चव्हाट्यावर! आता रोज प्रत्येक गल्लीत प्रत्येक हाकेनंतर हे ऐकू जाणार?

"पीछे कुछ घर की बात आ गई है," विश्वकर्मा म्हणाला. "काट दूँ?"

गुणवंताने दोन बोटांची कात्री करून दाखवली.

विश्वकर्माने कार्ड लॅपटॉपला लावलं, दोन-चारदा टकटक केलं. "इसी में सेव कर दूँ भैया?" गुणवंताने मान डोलावली. त्याला यातलं काही कळत नव्हतं. फोनमध्ये असलेलं फोनमध्ये राहतं, एवढंच त्याचं ज्ञान, आणि कार्ड म्हणजेच फोनमधली ती जागा, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. गाडीला किक मारून तो पनागरला निघाला तेव्हा त्याला पुष्कळ दिवसांनी माणसासारखं वाटत होतं.

अंगणात गाडी उभी करून त्याने ऐटीत बटण दाबलं. इंदू ओल्या हातांनी बाहेर आली. हाक ऐकून हसली. खरंच हसली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. हाक संपली तसा तिने हात वर केला, कोणी मध्ये बोलू नये असा. ती वाट बघत होती.

"एऽऽ भाजीवालाऽऽ!" भोंगा पुन्हा सुरू झाला.

ती तशीच उभी राहिली. दुसऱ्यांदा हाक संपली, तिसऱ्यांदा सुरू झाली. हात हळूहळू खाली आला.

"पुढचं काहून नाही वाजून राहिलं?"

गुणवंताने भुवया उंचावल्या.

"तुम्ही मंग बोलले होते ना. मले बोलले होते." तिचा आवाज चढला. "मी रोज ऐकतो ते. रोज दुपारी. पह्यले भाजी ऐका लागते, मंग ते येते."

तेव्हा गुणवंताला जामाचं झाड दिसलं, कानाला लावलेला फोन दिसला, ती मुकी दुपार दिसली. त्याने पाटी घेतली आणि लिहिलं. इंदूने अक्षरांवर बोट ठेवलं. "क... ट... वा... दि... या."

तिने पदराला हात पुसले आणि आत गेली. भोंगा बंद करायचं त्याला भान राहिलं नव्हतं. समोरच्या म्हातारीने येऊन, "भैया, धनिया है क्या?" असं विचारलं, तेव्हा त्याने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी तो आधी विश्वकर्माकडे गेला. पाटीवर लिहिलं, 'कटा हुआ वापस चाहिए.' विश्वकर्माने खरंच शोधलं, लॅपटॉप उलटापालटा केला, कुठल्याशा मित्राला फोन लावून विचारलं. मग कपाळावर हात मारला. "भैया, उसी के ऊपर सेव हो गया. मुझे क्या पता था." त्याचा दोष नव्हताच. कात्री गुणवंताने दाखवली होती.

तिथून तो विजय नगरात गेला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली, बटण दाबलं. आणि दारं उघडली. गॅलऱ्यांत बायका आल्या, पिशव्या आल्या, टोपल्या दोरीने खाली सोडल्या गेल्या. "काका, आला की तुमचा आवाज परत!" विनताबाई वरून ओरडल्या आणि टाळ्या वाजवत खाली आल्या. अकराच्या आत पालक, मेथी, सांबार, सगळं संपलं. इतकी विक्री कित्येक वर्षांत झाली नव्हती. तो रिकाम्या टोपल्या घेऊन उभा होता, आणि ज्या आवाजाने त्या रिकाम्या केल्या तो त्याला नकोसा झाला होता.

दुपारी घरी आला तर इंदू जामाखाली बसलेली. मांडीवर फोन होता, कार्ड नसलेला, नुसताच. तो तिच्याजवळ खाली बसला. त्याला सांगायचं होतं ते पाटीवर मावणारं नव्हतं. शेवटी त्याने लिहिलं, 'क्या बोला था मैंने?'

इंदूने त्याच्याकडे पाहिलं. हे त्याने तिला पहिल्यांदाच विचारलं होतं. तिने घसा खाकरला, मान जरा तिरपी केली, आणि जाड, फाटक्या आवाजात, शब्द न् शब्द त्याच्याच चालीवर म्हणाली,

"झालं काय वं इंदू? बंद कर आता. काहून रडून राहिली? मी आहो ना."

शेवटचं वाक्य गुणवंताने दुकानात ऐकलंच नव्हतं. त्याआधीच त्याने बटण दाबलं होतं. गळ्यावरचा रुमाल वरखाली व्हायला लागला. रडतानाही त्याला आवाज नव्हता, नुसती भोकातून हवा जात येत होती. बऱ्याच वेळाने त्याने हात पुढे केला आणि बोट हवेत गोल फिरवलं. पुन्हा. अजून एकदा म्हण.

इंदू उठली. फोन कमरेला खोचला.

"आता नको," ती म्हणाली, "घसा दुखून राहिला."

आणि ती भात टाकायला आत गेली.